कोरडी आच

एअर फ्रायरच्या खोक्यावर नेहमी तळणाची चित्रं असतात. फिंगर चिप्स, समोसे, चिकनचे तुकडे. विकणाराही तेच सांगतो: तेल नको आणि चव तीच. होटगीच्या आमच्या स्वयंपाकघरात हे यंत्र आता चांगलं रुळलं आहे. त्याच्याशी रोज गाठ पडते, आणि माझं मत असं झालं आहे की कढईशी तुलना करून आपण त्याच्यावर अन्याय करतो. ते तळत नाही. ते भाजतं आणि पदार्थातलं पाणी काढून घेतं. सोलापूर जिल्ह्यात ज्यांनी चूल सांभाळली आहे त्यांना माहीत आहे की आमच्याकडे अर्धा स्वयंपाक याच दोन कामांवर उभा असतो. शेंगा भाजायच्या, तीळ-कारळं भाजायचे, भाकरी कडक करायची, सांडगे वाळवायचे.

मी घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते. काही माल सोलापुरातल्या दुकानांत जातो, बाकीचा पुण्या-मुंबईला राहणाऱ्या इकडच्याच माणसांकडे. सासूबाई, ज्यांना आम्ही अत्या म्हणतो, त्यांचा हात या कामात माझ्याआधीपासून आहे. सासरे, म्हणजे मामा, रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं, आणि नणंदेने पुण्याहून हा एअर फ्रायर पाठवून दिला. मामांना भजी खाता यावीत एवढाच त्यामागचा हेतू होता. भजी काही त्यात झाली नाहीत. झालं ते वेगळंच, आणि माझ्या कामाच्या दृष्टीने कितीतरी मोलाचं.

होटगी हे सोलापूरच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवरचं जंक्शन. इथून एक लोहमार्ग वाडीकडे आणि पुढे दक्षिणेत जातो, दुसरा विजयपूर-बागलकोट करत गदगला. गदगचा मार्ग पूर्वी मीटरगेज होता. गावात कानडी आणि मराठी एकाच ओट्यावर बोलली जाते. आजूबाजूला सिमेंटचं काम चालतं, फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात ६६० मेगावॅटचे दोन संच असलेला औष्णिक वीजप्रकल्प उभा आहे, आणि उरलेली जमीन ज्वारी, तूर, ऊस यांची. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर सहज जातो. अशा हवेत टिकणारं अन्न लागतं, आणि ओलं अन्न टिकत नाही. मामा ड्यूटीवर निघत तेव्हा त्यांच्या डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि एखादा कांदा असे. मालगाडी कुठल्या स्टेशनात किती तास उभी राहील याचा नेम नसायचा. तो डबा दुसऱ्या दिवशीही तसाच खाता यायचा. आमचा कोरडा स्वयंपाक अशा माणसांच्या गरजेतून घडला आहे, असं मला वाटतं. रानात दिवसभर राहणारी, गाडीवर दोन रात्री काढणारी, माग चालवणारी माणसं.

आता हे यंत्र करतं काय ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय त्याच्याकडून काम काढता येत नाही. वरच्या बाजूला विजेने तापणारं वेटोळं असतं. त्याच्या डोक्यावर पंखा. खाली भोकांची टोपली आणि टोपलीखाली तळकप्पा. पंखा तापलेली हवा जोराने खाली ढकलतो, ती पदार्थाच्या चहुबाजूंनी फिरून पुन्हा वर जाते. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारचा वारा गच्चीवरच्या कुरडयांना जे करतो तेच काम इथे चार लिटरच्या जागेत, दोनशे अंशांपर्यंतच्या आचेवर होतं. ही घरगुती रचना नेदरलँड्सचे फ्रेड व्हॅन देर वेई यांनी घडवली आणि फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या इफा प्रदर्शनात ती लोकांपुढे आणली. त्यांच्या डोळ्यांसमोर बटाट्याच्या काप्या होत्या. युरोपातल्या घरात ती मोठी गरज असणार. आपण मात्र बटाट्याच्या त्या काप्या डोक्यात ठेवूनच यंत्राकडे बघत राहिलो, तर त्याचा निम्मा उपयोग हातचा जातो.

भजी का होत नाहीत? तेल पदार्थाला सगळीकडून एकदम बिलगतं. १८० अंशांचं तेल जितक्या झपाट्याने उष्णता आत देतं तितक्या झपाट्याने १८० अंशांची हवा देऊ शकत नाही, मग पंखा कितीही जोरात फिरो. भज्याचं पातळ पीठ तेलात पडताक्षणी आळतं. टोपलीत ते आळायच्या आधी भोकांतून खाली गळतं. कुरडईचंही तेच. कुरडई फुलते ती आतल्या थोड्याशा ओलाव्याची क्षणात वाफ झाल्यामुळे, आणि तेवढा झटका हवेला देता येत नाही. कुरडई टोपलीत रंग बदलते, कडक होते, पण फुलत नाही. म्हणून सणाच्या ताटातली कुरडई आमच्याकडे आजही कढईतच तळली जाते, आणि सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्यावरची भजी गड्ड्यावरच खायची असतात.

मामांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मग यात होतं तरी काय?"

"कोथिंबीर वडी होते, मामा. अळूवडी होते. भेंडी कुरकुरीत होते."

"आन् शेंगा?"

खरं तर मला तो प्रश्न आधी सुचायला हवा होता, माझा धंदाच शेंगांचा. सोलापूरकडे दाणे असोत की टरफलासकट असोत, आम्ही शेंगाच म्हणतो.

शेंगदाण्याचं वजन निम्म्याच्या आसपास तेलाचंच असतं. भाजताना त्याला बाहेरून तेल लागत नाही. त्याला लागते सगळीकडून सारखी आच. लोखंडी कढईत हे हाताच्या जोरावर साधतं. उलथणं एक मिनिट थांबलं की तळाचे दाणे काळवंडतात आणि वरचे कच्चे राहतात, आणि पाच किलोच्या घाण्यात मूठभर करपलेले दाणे सगळ्या चटणीला कडू करून टाकतात. अत्या ओट्यापासून लांब बसूनही वासावरून ओरडायच्या, "शेंगा करपायल्यात बघ!" आणि त्यांचं कधी चुकायचं नाही.

टोपलीत पाव किलो दाणे एका थरात पसरायचे. १६० अंश. बारा ते पंधरा मिनिटं, मध्ये दोनदा टोपली ओढून हलवायची. दाणा पूर्ण झाला असं वाटायच्या थोडं आधीच काढायचा, कारण बाहेर काढल्यावरही आतल्या गरमीने तो भाजला जात राहतो. लगेच परातीत पसरून द्यायचा, ढीग करायचा नाही. ही शेवटची दोन वाक्यं कढईतल्या दाण्यांनाही लागू आहेत, पण कढई जड असते, तिच्यातून सगळे दाणे वेळेवर निघत नाहीत. टोपली एका हाताने उपडी होते.

आणि सालं. दाण्याचं तांबडं साल भाजल्यावर सुटतं, ते हलकं असतं, पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या वेटोळ्याला चिकटतं आणि जळतं. जळका वास येऊ लागला की बहुतेक घरांत लोक दाण्यांना दोष देतात. म्हणून भाजताना साल सुटेल इतकं घुसळायचं नाही, आणि सालं काढायचं काम बाहेर, सुपात. पाखडायला आमचा ओटा आहे, वाराही भरपूर आहे.

मोठ्या ऑर्डरसाठी मी अजूनही कढईच वापरते. पाव-पाव किलोने पाच किलो भाजत बसायला वेळ नाही. पण प्रत्येक नवं पोतं आलं की आधी एक मूठ दाणे टोपलीत जातात. यंत्राने माझ्या कामात सगळ्यात मोठा बदल केला तो इथे. दाणा कुठल्या हंगामाचा, किती वाळलेला, साठवणीत ओल लागली का, हे पोत्यागणिक बदलतं. आच आणि वेळ तीच ठेवून भाजलं की फरक दाण्यात दिसतो. मागच्या पोत्याला तेरा मिनिटं लागली आणि याला सोळा लागताहेत, म्हणजे यात पाणी जास्त आहे. मग मी आधी दोन उन्हं देते आणि नंतर कढईत घेते. पूर्वी हे अत्यांच्या बोटांना कळायचं. दाणा दोन बोटांत धरून चोळायचा, कानाजवळ नेऊन वाजवायचा. ती जाण मला अजून पूर्ण आलेली नाही. अत्यांच्या बोटांनी दिलेला निकाल आणि टोपलीतल्या मुठीचा निकाल आम्ही ताडून बघतो, आणि त्यातून मी शिकते.

एक गोष्ट कुठलीही आच करू शकत नाही. बुरशी लागलेल्या, सुरकुतलेल्या, काळपट दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार झालेलं असू शकतं, आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. दाणे निवडावेच लागतात. ताटात पसरून, उजेडात, डोळ्यांनी. विकायच्या मालात तर यात कसूर चालतच नाही.

सुक्या मिरच्या मात्र टोपलीत घालू नयेत. त्या पानासारख्या उडतात, वेटोळ्यावर जाऊन जळतात आणि घरभर ठसका उठतो. मिरची तव्यावर, मंद, दोन थेंब तेलावर. लसूण कच्चाच. मीठ, जिरं, तिखट, आणि मग उखळ. मिक्सर वापरायचाच झाला तर थांबवत-थांबवत, नाहीतर दाण्याचं तेल एकदम सुटून गोळा होतो. सोलापुरी चटणीत तेल सुटावं लागतं, पण कुटण्याच्या दाबाने, हळूहळू. त्या तेलात तिखट आणि लसूण मुरतात. दाणे गरम असताना कुटले तर चटणी चिकट होते, पार गार झाल्यावर कुटले तर तेल सुटायला वेळ लागतो. हाताला कोमट लागले की सुरुवात करायची.

कडक भाकरीकडे येते. चांगली मालदांडी ज्वारी लागते. मालदांडी ३५-१ हा वाण याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडीने तयार झाला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. त्या ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात मळून, पातळ थापून, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून, मग चुलीच्या कडेला किंवा उन्हात उभी करून भाकरी पार कोरडी करायची. हाताने मोडली की काटकन आवाज आला पाहिजे. अशी भाकरी डब्यात महिनाभर राहते.

पावसाळ्यात मात्र सगळं सादळतं. जून संपला की हवेतला ओलावा भाकरी ओढून घेते, आणि ती धड मऊही नसते, धड कडकही नसते. चामट होते. ऊन नसतं. गॅसच्या शेगडीवर धरली तर कडा करपतात आणि मधला भाग तसाच राहतो. एअर फ्रायरचं या घरातलं खरं काम पावसाळ्यात सुरू होतं. अख्खी भाकरी टोपलीत मावत नाही, म्हणून चार तुकडे करायचे. १५० अंश, तीन-चार मिनिटं, तुकड्यांवर स्टीलची छोटी जाळी ठेवायची म्हणजे ते उडत नाहीत. बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्यायचे आणि मगच डब्यात भरायचे. गरम भरले तर त्यांचीच वाफ डब्याच्या झाकणाला लागून परत खाली येते. मी आता पाकिटं बंद करण्याआधी प्रत्येक घाण्यातली एक भाकरी अशी तपासते. पावसाळ्यात पुण्याला गेलेला माल नरम निघाला अशी तक्रार पूर्वी यायची, ती आता येत नाही.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात भाज्यांची भज्जी, आंबील, वाफवलेले उंडे यांचा थाट असतो. सगळं भरपूर करायचं असतं, त्यामुळे उरतंही. दुसऱ्या दिवशी थंड उंड्याचे काप करून, त्यांना तेलाचं बोट लावून, १८० अंशांवर ठेवले की बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ होतात. मुलं ते चटणीशी खातात. कोथिंबीर वडीचंही हेच गणित आहे: जो पदार्थ आधी वाफवलेला आहे आणि ज्याला फक्त बाहेरून कडक व्हायचं आहे, तो यात उत्तम होतो. तिथे पातळ पीठ आळवायचं काम नसतं. अळूवडी, मुठिये, उकडलेली अरवी, सगळी याच जातीची. सांडगी मिरचीला तेलाचं बोट लावलं तर तीही चार मिनिटांत होते. वांग्याला मात्र धुराची चव येत नाही. टोचे मारून, तेल लावून २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवलं की साल छान सुटतं, गर मऊ होतो, पण भरीत खाताना निखाऱ्याची उणीव भासते. मामांसाठी करते मी तसं. घरात पाहुणे असले की चुलीवरच.

बटाट्याबद्दल थोडं जपून सांगायचं आहे, कारण मुलं त्याच्याच मागे असतात. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर तापला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड तयार होऊ लागतं. अन्नात ते सापडतं हे २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. कर्करोगाच्या संशयामुळे ते टाळावं असं सांगितलं जातं. तेल कमी आहे म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण त्याला कारण उष्णता आणि साखर आहे. बटाटा फ्रीजमध्ये ठेवला की त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि तो लवकर काळपट पडतो. म्हणून बटाटे बाहेर टोपलीत ठेवायचे, काप्या करून अर्धा तास पाण्यात भिजवायच्या, पुसून कोरड्या करायच्या आणि फिकट सोनेरी झाल्या की थांबायचं. बाजारातल्या गोठवलेल्या फ्राइज कारखान्यात आधीच एकदा तेलात तळलेल्या असतात. त्या एअर फ्रायरमध्ये केल्या म्हणून बिनतेलाच्या होत नाहीत. मैद्याचं आणि चीजचं खाणंही या यंत्रातून गेल्याने हलकं होत नाही. हृदयाच्या रुग्णाच्या घरात मिठाचा विचार तेलाइतकाच करावा लागतो, आणि मामांच्या चटणीत मी मीठ वेगळंच, कमी घालते.

तेल वाचतं का? वाचतं, पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती उरलेल्या तेलाची. तळण झालं की कढईत तेल उरतं आणि ते टाकायला जीव होत नाही, मग ते पुन्हा-पुन्हा तापतं. वारंवार तापवलेल्या तेलातले ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांच्या वर गेले तर ते वापरू नये असा भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ सालापासून आहे. घरी ते मोजायचं साधन नसतं. आठवड्याचं किरकोळ तळण टोपलीकडे गेल्यापासून आमच्या घरात काळ्या तेलाची बरणी राहिलेली नाही. याचा मला मनापासून आनंद आहे.

विजेचं बोलायलाच हवं, कारण गावात वीज शहरासारखी नसते. आमचा एअर फ्रायर १४०० वॉटचा आहे. पंधरा मिनिटं सलग तापला तरी एका युनिटच्या जेमतेम एक-तृतीयांश वीज जाते, आणि मधूनमधून वेटोळं आपोआप बंद होतं, म्हणजे त्याहूनही कमी. खर्च नगण्य आहे. अडचण दाबाची. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० व्होल्टला १४०० वॉट देणारं वेटोळं १८० व्होल्टला साधारण ८६० वॉटच देतं. संध्याकाळी सात-साडेसातला सगळ्या घरांत दिवे, पंखे, मोटारी एकदम चालू होतात, तेव्हा ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या घरांत दाब उतरतो. पाककृतीत बारा मिनिटं लिहिलेली असतात आणि पदार्थ अठरा मिनिटांनीही पांढराच दिसतो. ज्यांना हे कळत नाही त्या बायका यंत्र बिघडलं म्हणून बाजूला ठेवतात. मी महत्त्वाचं भाजणं दुपारी करते, दाब बरा असतो तेव्हा. मिनिटांवर विसंबायचं नाही, रंगावर आणि वासावर विसंबायचं.

आणि सॉकेट. सहा अँपिअरच्या बारीक सॉकेटमध्ये, तीन-चार उपकरणं लावलेल्या एक्स्टेन्शनवर हे चालवू नये. १४०० वॉट म्हणजे सहा अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह. वायर गरम होते, प्लगचं प्लास्टिक पिवळं पडतं. सोळा अँपिअरचं सॉकेट, व्यवस्थित अर्थिंगसह, वायरमनकडून आधी बसवून घ्यावं. पाठीमागून गरम हवा बाहेर पडते, तिथे भिंतीपासून वीतभर जागा सोडावी. वर कपडा, पिशव्या, काही ठेवू नये.

निगा हा या यंत्राच्या संसारातला सगळ्यात मोठा भाग आहे, आणि त्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. टोपलीवर न चिकटणारा लेप असतो. तारेची घासणी, राख, खरखरीत पावडर यांनी तो जातो. आमच्या घरी भांडी घासायची जुनी सवय जोराची आहे, लोखंडी तव्याला तीच लागते, म्हणून टोपली धुण्याचं काम मी कुणावर सोपवत नाही. वापर झाला की प्लग काढायचा, कोमट होऊ द्यायचं, गरम पाणी आणि भांड्याचा साबण घालून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं. मग मऊ स्पंज. तापलेल्या टोपलीवर गार पाणी ओतलं तर लेपाला तडे जातात. हा लेप साधारण २६० अंशांच्या वर तापला तर त्याचा घातक धूर होतो. यंत्र दोनशेच्या वर जात नाही, तेव्हा रोजच्या वापरात ती भीती नाही. पण सोलवटलेला, पापुद्रे सुटलेला लेप दिसला की टोपली बदलावी.

डब्यातलं फवारायचं तेल वापरू नये. त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर टोपलीवर बसतो आणि घासूनही निघत नाही. साध्या बाटलीत घरचं तेल, किंवा बोट.

होटगीत बोअरचं पाणी जड आहे. धुऊन तसंच निथळत ठेवलं तर भोकांभोवती पांढरा थर बसतो आणि काही महिन्यांनी भोकं बारीक होतात. हवा खालून फिरेनाशी होते आणि पदार्थाची तळबाजू ओली राहते. धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचं, आणि महिन्यातून एकदा लिंबाच्या पाण्यात भिजवायचं. टोपलीत कागद अंथरणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे: भोकं झाकली की यंत्राचं काम थांबतं, आणि रिकाम्या टोपलीत कागद ठेवून तापवलं तर तो उडून वेटोळ्याला लागतो.

वेटोळ्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. तिथे तेलाचे शिंतोडे, दाण्याची सालं, तिखटाचा बुक्का जमतो. यंत्र पूर्ण गार असताना, प्लग काढून, उलटं करून मऊ कोरड्या ब्रशने ते झाडायचं, मग पिळलेल्या ओलसर फडक्याने पुसायचं. यंत्रावर पाणी ओतायचं नाही. इथे धूळ बारीक असते आणि पाठीमागच्या खाचांतून आत जाते, तिथेही ब्रश फिरवायचा. आणि झुरळं. गरम, अंधारी, चरबट जागा त्यांना आवडते. रात्री आतला कप्पा पुसून कोरडा केला नाही तर पाठीमागच्या खाचांतून ती आत घर करतात. वर सुती पिशवी घालावी, पण यंत्र गार झाल्यावरच.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, कशाला एवढा खटाटोप. तव्याला निगा लागत नाही का? नवीन लोखंडी तव्याला तेल लावून, तापवून, कांदा घासून महिनाभर सरावात आणावं लागतं. उखळ धुऊन उन्हात ठेवावं लागतं. भांडं जपणं हा स्वयंपाकाचाच भाग आहे, आणि ज्या घरात ते एकाच बाईच्या अंगावर पडतं तिथे नवं यंत्र म्हणजे आणखी एक ओझं होतं. आमच्याकडे मामांनी वेटोळं झाडायचं काम आपणहून घेतलं. रेल्वेत आयुष्य गेलेला माणूस आहे, ठरलेल्या वेळी ठरलेली तपासणी त्यांच्या अंगात मुरलेली. रविवारी सकाळी ते ओट्यावर वर्तमानपत्र अंथरतात आणि चष्मा लावून बसतात.

त्यांची झोपही रात्रपाळीच्या सवयीने मोडकीच राहिली आहे. पहाटे तीनला जाग येते, भूक लागते. पूर्वी ते कुणाला उठवायचे नाहीत, तसेच पडून राहायचे. गॅस पेटवायची त्यांना भीती वाटते, चष्म्याशिवाय दिसत नाही. आता ते कडक भाकरीचा तुकडा आणि मूठभर दाणे टोपलीत ठेवतात, बटण फिरवतात. वेळ संपली की यंत्र आपोआप बंद होतं, ज्योत नसते, काही विसरायचं राहत नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस आपल्या हाताने काहीतरी गरम करून खातो, सुनेला हाक मारावी लागत नाही, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं आहे. अत्याही आता दुपारी पापड स्वतःच भाजून घेतात. पापडावर जाळी ठेवायची, हे त्यांनीच शोधून काढलं.

म्हणून ओळखीतल्या बायका विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते. खोलगट टोपलीपेक्षा रुंद, पसरट टोपलीचा घ्या, आपल्याकडे भाकरी-पापड-दाणे यांना थर पातळ लागतो. जादा टोपली वेगळी विकत मिळते का ते आधीच विचारा. काचेवर बोटाने चालणारं पॅनेल घेऊ नका, फिरवायची साधी बटणं असलेला घ्या. वीज जाऊन आली तरी साधी बटणं आपल्या जागी राहतात, पिठाच्या हातांनी चालतात, आणि म्हाताऱ्या माणसाला अंधारात चाचपून कळतात.